बुडबुड्यांचा धनी : डॉ. ऑटो बायर

सुरुवातीलाच एक खुलासा. ऑटो हे नाव वाचून बदलापूर स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा डोळ्यांसमोर आणू नका, आणि बायर वाचून डोकेदुखीची गोळी आठवू नका. गोळीवाल्या बायर कंपनीतच या माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग गेला हे खरं, पण कंपनीच्या मालक घराण्याशी त्याचं काही नातं नव्हतं. आडनाव सारखं, एवढंच!

तरीही या माणसाची आणि आपली रोज गाठ पडते. बाईकच्या सीटमधला फोम, स्पोर्ट्स शूजचा सोल, फ्रिजच्या भिंतीत भरलेलं थंडी धरून ठेवणारं अस्तर, वर्कशॉपमध्ये पंप आणि मोटरच्या मधल्या कपलिंगमधला तो पिवळा किंवा लाल ‘स्पायडर’, फोर्कलिफ्टची चाकं, हायड्रॉलिक सिलिंडरची सील. हे सगळं पॉलियुरेथेन. आणि पॉलियुरेथेनचा जनक म्हणजे डॉ. ऑटो बायर.

मला ते पुस्तकात भेटले नाहीत, एका फुकट गेलेल्या रोलरमुळे भेटले. टी.ई. संपल्यावर मी आणि माझा रूममेट बदलापूरच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात इनप्लांट ट्रेनिंगला जात होतो. काम साधं. लोखंडी शाफ्टभोवती साचा बसवायचा, दोन द्रव पदार्थ मोजून मिसळायचे, साच्यात ओतायचे, ओव्हनमध्ये भाजायचे आणि थंड झाल्यावर लेथवर घासून मापात आणायचे. जुलै महिना, बदलापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. एका संध्याकाळी लोकल पकडायच्या घाईत मी पॉलिऑलच्या ड्रमचं बूच नीट लावलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ड्रममधल्या मालाचा रोलर ओतला. वरून गुळगुळीत, देखणा. लेथवर पहिला कट घेतला आणि आत चाळणी! साहेबांनी जे ऐकवलं ते या अंकात छापण्यासारखं नाही. तिथले जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते मात्र नुसते हसले. त्यांच्या मते मी काही नवीन केलं नव्हतं, पावसाळ्यात हे व्हायचंच.

पुढे लायब्ररीत शोधता शोधता कळलं की नेमकी हीच भोकं एकदा या पदार्थाच्या जन्मदात्याचीही अब्रू घेऊन गेली होती. मग मात्र मी त्यांचं चरित्र सोडलं नाही.

ऑटो बायर यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९०२ चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातला. शिक्षणही तिथल्याच विद्यापीठात झालं. ज्युलियस फॉन ब्राउन या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी १९२४ साली डॉक्टरेट मिळवली. म्हणजे आपण ज्या वयात एम-थ्रीची केटी काढत असतो त्या वयात!

त्यानंतर ते फ्रँकफर्टजवळच्या कासेला या रंगांच्या कारखान्यात लागले. तो काळ जर्मन रंगांचा. १९२५ साली बायर, बीएएसएफ, हेक्स्ट अशा बड्या जर्मन रसायन कंपन्या एकत्र येऊन आय.जी. फार्बेन नावाचा प्रचंड उद्योग उभा राहिला होता आणि कासेलाही त्याच छत्राखाली होती. बायर यांची हुशारी वरिष्ठांच्या लगेच नजरेत भरली. १९३३ साली, तिशी जेमतेम ओलांडलेली असताना, त्यांना ऱ्हाइन नदीकाठच्या लेव्हरकुसेन इथल्या मुख्य संशोधन प्रयोगशाळेची धुरा मिळाली. हाताखाली वयानं आणि अनुभवानं मोठे लोक. ही खुर्ची किती टोचते हे ज्यानं सीनियर्सकडून काम करून घेतलंय त्यालाच कळेल.

दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केलं. जगभरच्या प्रयोगशाळांत खळबळ उडाली. पण ड्यूपॉन्टनं पेटंटचं कुंपण इतकं घट्ट घातलं होतं की दुसऱ्याला आत शिरायला फट नव्हती. मग काही जण कुंपणात फट शोधू लागले. बायर यांनी कुंपणच टाळून वेगळा रस्ता धरला.

तो रस्ता समजून घ्यायचा तर लहानपणीचा साखळीचा खेळ आठवा. प्रत्येकाला दोन हात, हातात हात गुंफत जायचं आणि साखळी वाढत जायची. पॉलिमर म्हणजे रेणूंची अशीच साखळी. नायलॉनच्या पद्धतीत प्रत्येक वेळी हात गुंफले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि ते पाणी सतत काढून टाकावं लागतं. बायर यांनी विचार केला, की काहीच बाहेर पडणार नाही, आहे ते सगळं साखळीतच राहील, अशी जोडणी का असू नये? त्यासाठी त्यांच्या मनात आला आयसोसायनेट हा गट. वुर्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञानं तो १८४९ सालीच तयार केला होता आणि अल्कोहोलशी त्याचं पटकन जुळतं हेही माहीत होतं. त्या जोडाला म्हणतात युरेथेन. पण वुर्ट्झच्या रेणूला एकच हात. एका हातानं साखळी होत नाही. बायर यांना दोन हातांचं आयसोसायनेट हवं होतं आणि समोर दोन हातांचं अल्कोहोल.

कल्पना कागदावर सुरेख होती. पण प्रयोगशाळेतल्या अनुभवी मंडळींनी नाकं मुरडली. एक हाताचं आयसोसायनेट सांभाळतानाच नाकी नऊ येतात, दोन हातांचं कोण आणि कसं बनवणार? शिवाय ते बनवायला लागतो फॉस्जीन, पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडलेला तोच विषारी वायू. कंपनीतून पाठिंबा थोडा आणि शंका फार, अशी अवस्था. पण बायर हटले नाहीत. रिंके, सीफकेन, शिल्ड या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी काम रेटलं आणि १३ नोव्हेंबर १९३७ रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला. पॉलियुरेथेनचा वाढदिवस साजरा करायचा असेल तर हा दिवस धरावा.

आता इथं सिनेमा असता तर टाळ्या पडल्या असत्या. प्रत्यक्षात काही विशेष घडलं नाही. पहिले पदार्थ म्हणजे नायलॉनसारखा धागा आणि ब्रशचे केस. बरे होते, पण नायलॉनला मागे टाकतील असे नव्हते. मग द्रवरूप पॉलिएस्टर आणि आयसोसायनेट मिसळून ओतीव वस्तू करायचे प्रयोग सुरू झाले आणि तिथं नशिबानं टांग मारली. ओतलेल्या प्रत्येक तुकड्यात बुडबुडे! नमुने तपासणी विभागाकडे गेले. तिकडून शेरा आला, त्याचा आशय असा की हा माल फार तर नकली एमेंटाल चीज करायच्या कामाचा आहे. एमेंटाल म्हणजे टॉम अँड जेरीत जेरी पळवतो ना, ते भोकाभोकांचं चीज. एका विभागप्रमुखाच्या चार वर्षांच्या कामावर असा शेरा म्हणजे काय वाटलं असेल, विचार करा. आपल्याला जर्नलवर लाल पेननं ‘रिपीट’ आलं तर आपण आठवडाभर मेसमध्ये रडगाणं गातो.

बुडबुड्यांचं कारण तेच, जे माझ्या रोलरमध्ये होतं. आयसोसायनेटला अल्कोहोल आवडतं तसंच पाणीही आवडतं. पाणी भेटलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. (त्यांच्या पॉलिएस्टरमध्ये उरलेले आम्लाचे गटही हेच उद्योग करत होते.) हिशोब करून बघा. १८ ग्रॅम पाण्यातून साधारण २२.४ लिटर वायू, म्हणजे एका ग्रॅममागे जवळजवळ सव्वा लिटर! दहा किलो पॉलिऑलमध्ये फक्त ०.१ टक्का ओलावा शिरला तरी ते झालं १० ग्रॅम पाणी आणि वायू झाला बारा लिटरच्या वर. एका रोलरच्या साच्यात बारा लिटर वायू. मग चाळणी नाही तर काय होणार?

पण इथंच सामान्य आणि असामान्य यांतला फरक दिसतो. मी ड्रमचं बूच लावायला शिकलो, एवढ्यावर थांबलो. बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. पाण्यामुळे फुगतंय ना? मग पाणी चुकून का शिरू द्यायचं, मोजूनच घालू! किती पाणी म्हणजे किती फुगारा, हे हातात आलं आणि दोषाचं उत्पादन झालं. पुढे १९५० च्या दशकात मऊ फोमचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. आज आपण ज्या फोमवर बसतो, झोपतो, तो म्हणजे त्या थट्टा झालेल्या चीजचाच वंशज.

मधल्या काळाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. हे सगळं चाललं होतं हिटलरच्या जर्मनीत आणि आय.जी. फार्बेनच्या छत्राखाली. या कंपनीनं ऑश्विट्झच्या छळछावणीला लागून कारखाना उभारला आणि कैद्यांकडून मरेपर्यंत काम करून घेतलं. कासेलाचे एकेकाळचे मालक, स्वतः मोठे रसायनशास्त्रज्ञ असलेले आर्थर फॉन वाइनबर्ग, ज्यू वंशाचे म्हणून १९४३ साली तेरेझिनच्या छावणीत मेले. ज्या कारखान्यात बायर यांनी पहिली नोकरी केली, त्याच्या मालकाची ही गत. युद्धानंतर न्युरेंबर्गला १९४७-४८ मध्ये आय.जी. फार्बेनच्या २३ अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि १३ जण दोषी ठरले. आरोपींत ऑटो बायर यांचं नाव नव्हतं. पण त्या कंपनीत ते मोठ्या पदावर होते, हेही तितकंच खरं. थोर शास्त्रज्ञाचं चरित्र लिहिताना हे पान आपण बहुतेक वेळा गाळतो. मला ते गाळावंसं वाटलं नाही. आपणही उद्या कुठल्या तरी कंपनीचं आयकार्ड गळ्यात घालणार आहोत.

युद्ध संपलं तेव्हा जर्मनीची पेटंटं जेत्यांच्या ताब्यात गेली होती आणि अमेरिकन-ब्रिटिश पथकं कारखाने पालथे घालून कागदपत्रं नेत होती. दहा वर्षांचं काम फुकटात जगाच्या हाती पडलं. बायर यांनी १९४७ साली आपलं काम सविस्तर लेख लिहून स्वतःच प्रसिद्ध केलं आणि पुन्हा कामाला लागले. त्यातून जे निघालं ते आपल्या मेकॅनिकलवाल्यांच्या खास जिव्हाळ्याचं. १९५० साली बायर, एर्विन म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वुल्कोलान या नावाचा नवा लवचीक पदार्थ जगापुढे मांडला. पॉलियुरेथेन इलॅस्टोमरच्या घराण्यातला हा थोरला.

त्यात विशेष काय? आपल्याला शिकवतात की मटेरियल एक तर कडक असतं किंवा लवचीक. पॉलियुरेथेन इलॅस्टोमर दोन्ही असतं, कारण त्याची साखळीच दोन तऱ्हेच्या तुकड्यांची असते. पॉलिऑलचा लांबलचक मऊ तुकडा, मग आयसोसायनेट आणि छोट्या डायॉलचा आखूड कडक तुकडा, पुन्हा मऊ, पुन्हा कडक. कडक तुकडे एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून आपापले गठ्ठे करतात, मऊ तुकडे त्यांच्यामध्ये स्प्रिंगसारखे मोकळे राहतात. ताणलं की मऊ भाग लांबतो, कडक गठ्ठे गाठीसारखे धरून ठेवतात. दोघांचं प्रमाण बदललं की एकाच घराण्यातून पेन्सिलच्या खोडरबरासारखा मऊ माल निघतो आणि हेल्मेटसारखा टणकही. साधारण ६० शोअर ए पासून ७५ शोअर डी पर्यंत. चांगल्या ओतीव मालाची तन्यता २५ ते ५० मेगापास्कल, आणि तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणलं जाणं ही नेहमीची गोष्ट. घर्षणात झिजण्याच्या बाबतीत तर तो बहुतेक रबरांना मागे टाकतो. म्हणून खाणीतल्या चाळण्या आणि फोर्कलिफ्टची चाकं त्याचीच.

पण गुण सांगितले तसे अवगुणही सांगायला हवेत, नाहीतर व्हायव्हाला एक्स्टर्नल पकडेल! पहिला, तो दाबला जात नाही, फक्त आकार बदलतो. त्याचा पॉयसन रेशो जवळजवळ ०.५. प्रेस टूलमध्ये स्प्रिंगऐवजी पीयूचा पॅड बसवलात आणि बाजूला फुगायला जागा ठेवली नाहीत, तर तो पॅड दगडासारखा वागतो आणि टूल फोडतो. दुसरा, वारंवार दाब-सोड केली की आतल्या आत उष्णता साठते. जाडजूड चाक जास्त वेगानं, जास्त भाराखाली पळवलं तर ते बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आतून वितळतं. बऱ्याच ग्रेडना सतत ८०-९० अंश सेल्सिअसच्या वर ठेवू नये. तिसरा, पॉलिएस्टर जातीचं पीयू दमट हवेत हळूहळू कुजतं. दोन पावसाळे ट्रंकेत पडलेले बूट प्लेसमेंटच्या दिवशी घातले आणि जिन्यातच सोलचा भुगा झाला, हा अनुभव हॉस्टेलमध्ये कुणाला नाही? त्याला बुटाची कंपनी जबाबदार असेलच असं नाही, पाण्यानं साखळी तोडली एवढंच. पॉलिईथर जात पाण्याला दाद देत नाही, पण तेलाला आणि झिजेला पॉलिएस्टर बरं. म्हणजे निवड करताना डोकं लावावंच लागतं.

असो. बायर यांच्याकडे वळू. युद्धानंतर आय.जी. फार्बेनचे तुकडे झाले आणि १९५१ साली बायर कंपनी पुन्हा स्वतंत्र उभी राहिली. ऑटो बायर तिच्या संचालक मंडळात गेले आणि संशोधनाची जबाबदारी सांभाळू लागले. हूबेन-वाइल या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या भल्याथोरल्या जर्मन ग्रंथमालेच्या संपादकांतही ते होते. १९६७ मध्ये डुसेलडॉर्फच्या प्लॅस्टिक प्रदर्शनात बायर कंपनीनं प्लॅस्टिकच्या बॉडीची मोटारगाडीच आणून उभी केली, त्यात पॉलियुरेथेनचा मोठा वाटा. ज्या पदार्थाला चीज म्हणून हिणवलं, त्यात आता माणसं बसून जाणार होती! १९७५ साली रबर क्षेत्रातला मानाचा चार्ल्स गुडइयर पदक हा सन्मान त्यांना मिळाला. १ ऑगस्ट १९८२ रोजी लेव्हरकुसेनजवळच्या बुर्शाइड गावी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या साखळीची टोकं आपल्यापर्यंत पोचली आहेत. ठाण्याच्या कोलशेतला बायरचा कारखाना होता, रबरासाठी लागणारी रसायनं तिथं बनत. अंबरनाथ-बदलापूरच्या शेडमध्ये आजही रोलर, बुश, पॅड ओतले जातात. आणि श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही उडतं तेव्हा त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या सुमारे १३९ टन घन इंधनाला बांधून ठेवणारा लवचीक पदार्थही आयसोसायनेटनंच जोडलेला असतो. तो ताणला गेला पाहिजे, तडकता कामा नये. एक तडा म्हणजे रॉकेट संपलं.

पण साखळीचं एक टोक फार काळं आहे. बायर गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री, भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट सुटलं आणि हजारो माणसं मेली. तो वायू पॉलियुरेथेनचा नव्हता, कीटकनाशकाच्या कारखान्यातला होता. एक हाताचा आणि ३९ अंशाच्या आसपास उकळणारा, म्हणून चटकन हवेत पसरणारा. पीयूच्या कारखान्यातली दोन हातांची आयसोसायनेटं त्या मानानं जड असतात. एमडीआय फारसं उडत नाही, टीडीआय मात्र उडतं. आणि टीडीआयची सुरक्षित मर्यादा हवेच्या एक अब्ज भागांत मोजके काही भाग इतकी कमी आहे. एकदा का शरीरानं त्याचा धसका घेतला, की पुढे नुसत्या वासाच्या अंतरावरही दमा उसळतो, आणि तो धसका सहसा जात नाही.

हे वाचलं तेव्हा मला मामा आठवले. रोलर ओतताना ते तोंडाला रुमाल बांधत. रुमालानं धूळ अडते, वाफ अडत नाही. दुपारच्या डब्यानंतर त्यांना जो खोकला यायचा, तो ते पावसाळ्यावर ढकलत. मीही तेव्हा मान डोलावली होती. आमच्या ट्रेनिंग रिपोर्टमध्ये टेन्साइल स्ट्रेंग्थ आहे, हार्डनेस आहे, ग्राफही रंगीत आहेत. मामांच्या खोकल्याबद्दल एक ओळ नाही. एक्झॉस्ट फॅन बंद होता, तेही लिहिलं नाही. मार्क मात्र चांगले मिळाले.

ट्रेनिंग संपल्यावर महिन्याभरानं मी पुन्हा तिथं गेलो. साहेबांना भीत भीत दोन गोष्टी सांगितल्या. ड्रमच्या तोंडाशी ओलावा शोषणारी सिलिका जेलची नळी लावा, आणि ओतायच्या जागेवर वाफ खेचणारा फॅन बसवा. नळी लगेच लागली, कारण त्यानं रोलर वाचणार होते. फॅनसाठी मला आणखी दोन फेऱ्या माराव्या लागल्या. आता तोही लागलाय. मामांचा खोकला गेला का? नाही. पण निदान नव्यानं लागलेल्या पोराला तो लागू नये.

मित्रांनो, ऑटो बायर यांच्या आयुष्यातून मी दोन गोष्टी घेतल्या. लोक तुमच्या कामाला चीज म्हणाले तर भोकं मोजा, त्यात कदाचित पुढचं उत्पादन असेल. आणि ज्या कंपनीत काम कराल तिथं काय चाललंय, याकडे डोळे उघडे ठेवा. यंदा जे ट्रेनिंगला जाणार असतील त्यांनी मटेरियलची प्रॉपर्टी जरूर मोजावी. पण आधी वर बघून घ्यावं, फॅन फिरतोय का ते. आणि निघताना ड्रमचं बूच लावावं!

— बी.ई. (मेकॅनिकल)